वक्ता तीन

बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीवर आमचं ऑफिस.
खाली ज्वारी पडायला लागली की टेबल थरथरतं,
म्हणून बारीक आवाजाच्या फायली
सकाळी दहाच्या आत उरकायच्या.
वकील, डॉक्टर, सोसायटीच्या वार्षिक सभा,
म्हणजे जे मुळातच ओरडतात,
ते दुपारी.

इंग्रजीला मिनिटाला अठरा रुपये, मराठीला चौदा.
का, ते केंजळे मॅडमना विचारा.
भिंतीवर नियम चिकटवलेत:
'अं', 'म्हणजे', 'काय आहे ना' गाळणे.
खोकला गाळणे.
हसू आलं तर कंसात 'हशा'.
रडण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही,
तिथे मी 'विराम' टाकते.
ऐकू आलं नाही तर 'अस्पष्ट', आणि वेळ.
अस्पष्टचे पैसे स्पष्टाइतकेच.

मंगळवारची फाईल, एक तास चार मिनिटं.
वक्ता एक: संशोधक मुलगी, गोड, घाईत.
वक्ता दोन: सोपानराव भिंताडे, वय एकोणऐंशी,
स्वारगेट डेपोचे निवृत्त कंडक्टर, राहणार पद्मावती.
पंखा दुरुस्तीला आलाय, हे फॉर्मात नव्हतं,
मला कानानं कळलं.

"संप सतरा दिवस चालला," सोपानराव म्हणतात.
आतून, भांड्यांच्या मागून, कुणीतरी: "एकवीस."
"सतरा दिवस. पण आम्ही हटलो नाही."
"पगार नव्हता, मग भागवलं कसं?"
"भागलं. भागतंच."

आणि इथे,
एक्केचाळीस मिनिटं सतरा सेकंदांवर,
नळ सुरू होतो
आणि नळाच्या खाली काहीतरी.

पाय पेडलवर. मागे. परत मागे.
वेग साठ टक्के केला तर
आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बाईचा बाप्या झाला,
नळाचा ओढा झाला,
चमचा पडला तो घंटेएवढा.
बारा वेळा ऐकलं. खाली गिरणी सुरू झाली.
हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरला.
तेराव्या खेपेला एक शब्द सुटा होऊन आला:
"पाटल्या."
त्याच्या आधीचा नंतर सापडला:
"माझ्या."
मग नळ बंद,
आणि अगदी कोरडं, जवळून:
"भागलं म्हणे."

तोवर मुलीचा पुढचा प्रश्न गेलेला,
तिकिटाच्या पंचचा आवाज कसा यायचा हो?
सोपानराव तोंडानं काढून दाखवतात.
टक्. टक्. टक्.
खूश आहेत.
नियमाप्रमाणे गाळणे.

मी टाइप केलं:
वक्ता तीन (आतून): एकवीस.
आणि खाली, त्याच्या वेळेसकट:
वक्ता तीन (आतून): माझ्या पाटल्या. भागलं म्हणे.

संध्याकाळी मॅडमचा फोन.
"हेमांगी, फॉर्मात वक्ते दोनच आहेत.
हे तिसरं कोण?"
"नाव नाही माहीत."
"मग काढ ना."

काढलं.
एकवीस नुसतंच काढलं, सतरा राहू दिले.
एक्केचाळीस सतराला 'अस्पष्ट' लिहिलं.
पाच वाजून पन्नास मिनिटांनी फाईल गेली.

चौसष्ट मिनिटांचे आठशे शहाण्णव
पाच तारखेला खात्यात आले.
हिशेब करायची मला खोड आहे:
ती सगळी मिळून सहा सेकंद बोलली.
एक रुपया चाळीस पैसे.

सुट्टे नसले की कंडक्टर
तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो,
उतरताना मागून घ्या म्हणतो.
तशी मी लिहून ठेवलीय
गिरणीच्या पावतीमागे, पेन्सिलनं.

पद्मावतीचा स्टॉप मला माहीत आहे.
घर नाही.